पंधरा की तीस

होडीचं बोलणं होडीत, हा या घरचा जुना नियम. जमिनीवर माणूस फार मोठं बोलतो आणि बोलणं अंगाशी आलं की पायात चपला सरकवून चालायला लागतो, असं आजेसासरे म्हणायचे म्हणे. होडीत बसल्यावर उठून जायची सोय नसते. त्यामुळे नवं जाळं घ्यायचं असो, कुणाला वाटेकरी करायचं असो, की भावाभावांचं बिनसलेलं असो, सगळ्यांनी होडीत बसायचं आणि ठरल्याशिवाय उतरायचं नाही.

धाकट्या सुनेने हे लग्न झाल्यापासून नुसतं ऐकलं होतं. ती या घरात आली तेव्हा होडी शेडमागे पालथी पडलेली होती आणि तिच्याखाली गल्लीतल्या मांजरी बाळंत व्हायच्या. सासऱ्यांची पाठ गेली, थोरला दुसऱ्यांच्या मोठ्या बोटीवर इंजिन सांभाळायला गेला, धाकटा बर्फाच्या कारखान्यात लागला, आणि घरातली सगळी बोलणी स्वयंपाकघरात व्हायला लागली. तिथे उठून जायची सोय भरपूर होती आणि मंडळी ती वापरायचीही.

आज मात्र म्हातारी पाण्यात होती. होडीला घरात म्हातारीच म्हणत. धक्क्याच्या पायऱ्यांना दोन दोरांनी बांधलेली, निळा रंग अजून बोटाला लागेल इतका ताजा, नव्या फळ्या जुन्या फळ्यांमध्ये बसवलेल्या दातांसारख्या वेगळ्या दिसणाऱ्या. बारक्याने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, कारखान्यातून सुटल्यावर रोज शेडमागे बसून तिला खरवडली होती. कुजलेल्या फळ्या उपसल्या, सुताराला हाताशी धरून नव्या बसवल्या, तळाला फायबरचं कापड आणि त्यावर रेझिनचे थर चढवले. मोटर जिच्यावर लटकते ती मागची फळी बसली त्या दिवशी धाकटीने स्वतः जाऊन ती दाबून, ठोकून, खालीवर निरखून पाहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण न कळणारी गोष्ट दुप्पट निरखायची, हा तिचा स्वभाव.

त्या फळीवर आज एक मोटर लटकत होती. पंधरा हॉर्सची. दुकानदाराने वापरून बघायला दिलेली. "पंधरा हवी तर हीच ठेवा. तीस हवी तर संध्याकाळी ही परत आणा, मी तीसची मागवतो," एवढं बोलून तो मोकळा झाला होता.

पंधरा म्हणजे खाडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं तेवढं पाणी. भांडी विसळता विसळता मान वर केली की नवरा कुठे आहे ते कळावं, एवढंच. तीस म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेल्या दगडी बांधाच्या पलीकडे, जिथे खिडकी संपते. म्हातारीला हात लावू द्यायला धाकटी तयार झाली ती पंधराच्या बोलीवर. बारक्याने तसा शब्द दिला होता. शब्द दिल्यावरही मोबाइलवर तो कुठल्या मोटरींची चित्रं बघत बसतो, हे तिला ठाऊक होतं. ती काही बोलली नव्हती. शब्द आपल्या पदरात होता ना.

"ये की गं, पाणी काही चावत नाही," होडीतून आत्या ओरडल्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून. मासळीबाजारात त्यांची जागा ठरलेली होती आणि म्हातारीत त्यांचा अर्धा वाटा होता. त्यामुळे घरात शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न कधी पडला नाही.

धाकटी आपल्या लेकीला, चिमीला, कडेवर घेऊन पायरीवर उभी होती. चिमीच्या अंगात केशरी लाइफ जॅकेट होतं. सर्वांत लहान मापाचं, तरी तिच्या कानांपर्यंत आलेलं.

"पोरीला काय संत्र्यासारखी सोलून खायची आहे?" आत्या म्हणाल्या.

"आत्याबाई, राहू द्या. घातलंय तर घातलंय."

"राहू दे बाई. आमची पोरं टोपलीत बसून खाडी ओलांडायची. अजून जिवंत आहेत, हेच दोघं बघ. अक्कल किती आली ते मात्र विचारू नकोस."

थोरला भाऊ हसला. तो आदल्याच दिवशी मोठ्या बोटीवरून घरी आला होता आणि अजून अर्धा झोपेत असल्यासारखा नाळेत, होडीच्या पुढच्या टोकाला, पाय पसरून बसला होता. बारक्याने हात पुढे केला. धाकटीने आधी चिमीला दिलं, मग डोळे अर्धे मिटून स्वतःला. होडी तिच्या वजनाने एका अंगाला कलली आणि तिने बारक्याचं मनगट घट्ट धरलं.

"बस. मधे बस," बारक्या हळूच म्हणाला. "आता हलणार नाही."

हलली. पण थोडीच.

तिच्या शेजारी चिमीला मांडीवर घेऊन थोरली जाऊ बसली. आदल्या दिवशी गच्चीवर कपड्यांच्या घड्या घालताना थोरलीने तिला आपण होऊन सांगितलं होतं, "मी तुझ्या बाजूने बोलेन गं. नवरा समुद्रावर असणं म्हणजे काय ते मला विचार." तेव्हापासून धाकटीच्या जिवाला बराच आधार होता. तिने मनातल्या मनात गणित मांडून ठेवलं होतं: मी, थोरली, बाबा. सासरे तर पहिल्यापासून पंधराचेच.

तेवढ्यात तिची नजर पायांकडे गेली.

"बाबा, आत पाणी येतंय."

"येऊ दे," सासरे म्हणाले. ते मागे मोटरीजवळ बसले होते, पाठीला उशी लावून. "कापड फक्त तळाला लावलंय. वरच्या फळ्या सुकलेल्या आहेत, एवढी माणसं बसल्यावर त्या आत्ता पाण्याखाली आल्या. पोटभर प्यायल्या की फुगतील आणि फटी मिटतील."

"किती वेळ पितात?"

"तू बोलायला लागलीस की थांबतील," आत्या म्हणाल्या. "चला, सुरू करा. मला बाजारात जायचंय. अरे, तू बोल आधी."

सासऱ्यांनी घसा साफ केला. "माझं एकच म्हणणं. हिला पूर्वी आठची मोटर होती. आठ! तिच्यावर मी ही दोन पोरं वाढवली. पंधरा म्हणजे चैन आहे. मशीन जेवढं मोठं तेवढा माणूस उनाड होतो."

धाकटीने त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं.

"दादा, तू?" बारक्याने विचारलं.

पाण्यात बोट बुडवून थोरल्याने होडीच्या कडेवर एक ओली रेघ ओढली. "पंधरावर एक घर चालेल. दोन नाही चालणार. तीस घेणार असाल," तो थांबला, "तर मी मोठी बोट सोडतो. म्हातारीवर येतो."

सासऱ्यांची पाठ उशीवरून सुटून सरळ झाली. किती वर्षं ते या वाक्याची वाट बघत असतील, हे त्यांच्या हनुवटीवरून कळत होतं, आणि ते आलं तेही नको त्या मोटरीवर बसून.

"सोडतोस?" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"सोडतो. महिना महिना लोखंडाच्या पोटात राहून कंटाळलो. माझ्या धाकट्या पोराने टेबल फॅन दुरुस्त केला म्हणे. मला ते फोनवर कळलं."

"थोरली, तू काय म्हणतेस?" आत्यांनी विचारलं.

थोरलीने मांडीवरची चिमी उगाच नीट बसवली. धाकटी तिच्याकडे बघत होती, थोरली पाण्याकडे.

"तीस," थोरली म्हणाली.

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "ताई?"

"हो."

"काल तुम्ही..."

"काल मला हे माहीत नव्हतं. रात्री सांगितलं त्यांनी."

"मग सकाळी मला सांगायचंत ना. मी इथे, सगळ्यांसमोर..."

"सांगणारच होते. स्वयंपाकघरात आलेसुद्धा. तू चिमीला भरवताना गाणं म्हणत होतीस. महिन्यात पहिल्यांदा. नाही जमलं मला." थोरलीने आता मान वळवली. "तुझा नवरा रोज रात्री घरी जेवतो गं. माझ्या नवऱ्याला घरातला दिव्याचा खटका कुठे आहे ते आठवावं लागतं. मी आणखी किती दिवस शहाणी राहू?"

धाकटीला राग आला होता, पण तो ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं. घरात असती तर उठून आत गेली असती आणि कुकरची शिट्टी नसताना गॅस बंद केला असता. इथे उठायची सोय नव्हती. आजेसासऱ्यांनी कशासाठी हा नियम केला ते तिला नीट कळलं आणि मुळीच आवडलं नाही.

"बारक्या," आत्या म्हणाल्या, "तुला तोंड आहे का?"

"मी तिला पंधराचा शब्द दिलाय."

"ते झालं. तुला काय हवंय?"

"मी शब्द दिलाय, आत्या," तो म्हणाला. त्यात रुसवा नव्हता. खांद्यावरचं ओझं खाली ठेवताना माणूस जसा जपून ठेवतो तसा ठेवला त्याने तो शब्द. धाकटीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"म्हणजे तीन आणि दोन," सासरे म्हणाले. "पंधरा."

"असं कसं?" आत्या भडकल्या. "हा अर्धा वाटा बसलाय तो कुणाचा? आणि मला आधी हे सांगा, म्हातारीच्या पाठीला तीस झेपते तरी का? उगाच नवरी बघायच्या आधी मांडव घालता."

मग जे झालं ते त्यानंतर गल्लीत पुष्कळ दिवस सांगितलं जाणार होतं. तीसची मोटर जवळ नव्हती. तिच्या वजनाचं काहीतरी मागच्या फळीवर ठेवून पाणी कुठवर चढतं ते बघायला हवं होतं. दोघा भावांनी पंधराची मोटर सोडवून धक्क्यावर ठेवली, वजनाला काय घ्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि दोघांची नजर एकाच ठिकाणी येऊन थांबली.

"खबरदार," आत्या म्हणाल्या.

"आत्या, नुसतं टेकायचं."

"माझं वजन कुणी विचारायचं नाही."

"नाही विचारत. तीसच्या आहात की चाळीसच्या, एवढंच सांगा."

"थोरल्या, मेल्या, तुझ्या बारशाला मी तुला हातात धरलं होतं, तेव्हाच सोडायला हवा होता."

पण टेकल्या. मागच्या फळीवर पाय आत सोडून, हनुवटी वर करून, फोटो काढायला बसल्यासारख्या. होडीचं नाक उचललं. बारक्या पालथा पडून मागे वाकून बघत होता. "वीतभर फळी अजून कोरडी आहे! झेपते!" आणि मग, राहवलं नाही म्हणून, "आत्या झेपल्या म्हणजे तीस झेपणारच!"

सगळे हसले. धाकटीही हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्या हातातला एक पत्ता गेला. म्हातारीची पाठ हा तिचा शेवटचा आधार होता.

"आता दुसरी बाजू," आत्या उठत म्हणाल्या. "पाठीला तीस झेपते ते पाहिलं. पंधराला म्हातारी झेपते का तेही बघू. बांधापर्यंत जाऊन येऊ. माशांच्या जागी माणसं घ्या. मग मी सांगते माझं मत."

"ओहोटी लागलीय," थोरला म्हणाला.

"लागू दे. मी आठवर यायचो," सासरे म्हणाले.

मोटर परत बसवली. थोरली चिमीला घेऊन पायऱ्यांवर उतरली. धाकटीही उतरणार असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"मी येतेय," ती म्हणाली.

बारक्याने चमकून पाहिलं. "तू?"

"माझ्या मोटरची परीक्षा आहे ना? मग मी नको?"

हे ती बोलून गेली खरी, पण हात कडेच्या लाकडावर असा आवळला होता की बोटं पांढरी पडली. थोरलीने चिमीचा हात धरून हलवला. टाटा. धाकटीने फक्त चिमीकडे पाहिलं. थोरलीकडे पाहायला ती अजून तयार नव्हती.

सासऱ्यांनी दोरी ओढली. मोटर पहिल्याच झटक्याला लागली, धूर आला, आणि म्हातारी निघाली.

आणि काय निघाली! धक्का मागे सरकला, बर्फाच्या कारखान्याची भिंत मागे सरकली, आपल्या घराची खिडकी एवढीशी झाली. वारा पदरात भरत होता. धाकटीला वाटलं होतं, भीतीने आपण डोळे मिटून घेऊ. पण डोळे मिटायला वेळच मिळेना, एवढं बघण्यासारखं होतं. खाडी दोन्ही बाजूंनी अरुंद होत आली, दगडी बांध उजवीकडून धावत आला, त्याच्या टोकाचा लाल खांब, बोटी घासू नयेत म्हणून साखळीला टांगलेला जुना टायर, आणि पलीकडे मोकळं, चमकणारं.

"बघितलंत?" ती ओरडली. मोटरीच्या आवाजात ओरडावंच लागत होतं. "पंधराच आहे! कशी पळतेय! पाच माणसं घेऊन!"

सासरे खुशीत मान डोलवत होते. थोरला मागे वळून ओहोटीचं पाणी बघत होता. बारक्याही.

"वळवू?" सासऱ्यांनी विचारलं.

"वळवा," ती म्हणाली. जिंकल्याच्या आवाजात.

त्यांनी मोटरीचा दांडा ढकलला, म्हातारीने मोठं वर्तुळ घेतलं आणि नाक घराकडे केलं. सासऱ्यांनी जोर वाढवायला दांड्याची मूठ पूर्ण पिळली. मोटर ओरडायला लागली. दोन्ही बाजूंनी पाणी सळसळत मागे पळू लागलं, फेस उडू लागला, आत्यांचं लुगडं भिजलं.

धाकटी टायरकडे बघत होती. कशाकडे तरी बघायचं म्हणून. टायरच्या खालच्या अर्ध्या भागावर शेवाळं होतं. त्याच्या शेजारी दगडाची एक फट, फटीत निळ्या दोरीचा तुकडा. पाणी मागे पळत होतं, मोटर ओरडत होती. टायर, फट, दोरी. तिने थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. टायर, फट, दोरी. ती नाकासमोर तशीच होती.

तिने बारक्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की त्याला कधीचं कळलंय. तोही टायरकडेच बघत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, एक क्षणभर, आणि नजर काढून घेतली. 'बघ' म्हणायची याहून चांगली वेळ त्याला जन्मात मिळाली नसती. त्याने म्हटलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आत्या, जरा पुढे सरका. नाक खाली बसू दे."

"आपण पुढे जात नाही आहोत," धाकटी म्हणाली.

तिने टायरकडे बोट दाखवलं.

"बाबा, आपण उभे आहोत. तो टायर बघा."

सासऱ्यांनी पाहिलं. मूठ आणखी पिळायचा प्रयत्न केला, पण मूठ संपली होती. "आठवर यायचो मी इथून," ते पुटपुटले. रागाने नाही, कुणीतरी घरातली वस्तू न विचारता हलवल्यावर म्हातारं माणूस बोलतं तसं.

"बाबा, तेव्हा हा बांध एवढा लांब नव्हता," थोरला उठत म्हणाला. "तोंड अरुंद झालं, ओढ वाढली. आणि म्हातारीच्या अंगात तेव्हा हा फायबरचा अंगरखा नव्हता. आपण तिला मजबूत केली, वजनाचं कुणी पाहिलंच नाही. बांधाच्या कडेला घ्या. दगडांजवळ ओढ कमी असते."

"दगडांजवळ?" धाकटीचा आवाज फाटला.

"मी आहे," थोरला म्हणाला आणि त्याने लांब वल्हं उचललं. बारक्याने दुसरं. सासऱ्यांनी दांडा वळवला. म्हातारी तिरकी होत बांधाला लागून आली, इतकी जवळ की दगडावरच्या खेकड्याचे डोळे दिसावेत. एक भाऊ दगडांना वल्हं टेकवून होडी अंगावेगळी ठेवत होता, दुसरा पाणी मागे रेटत होता. आत्यांनी धाकटीचा हात धरला आणि तो धरलेला आहे हे दोघींनीही दाखवलं नाही. टायर हलला. बोटभर. मग हातभर. मग निळी दोरी मागे गेली, आणि तिच्यामागून पहिल्यांदाच नवा, न पाहिलेला दगड आला. आयुष्यात कुठल्या दगडाला पाहून धाकटीला एवढं बरं वाटलं नव्हतं.

बांध संपला, खाडी रुंद झाली, तशी मोटरीची किंकाळी उतरली आणि म्हातारी आपल्या चालीने चालायला लागली.

होडी धक्क्याला लागली. थोरली चिमीला घेऊन वरच्या पायरीवर उभी होती. पायऱ्यांवरून तिला काय दिसलं असेल ते तिच्या चेहऱ्यावर होतं.

"एवढा वेळ?" तिने विचारलं. "काय झालं?"

थोरल्याने दोर टाकला. सासरे मोटर बंद करून तिच्यावरून हात फिरवत राहिले. बारक्या वल्ही नीट ठेवत होता, आधीच नीट असलेली. धाकटीच्या लक्षात आलं की ही सगळी माणसं तिच्यासाठी थांबली आहेत. आलो तर होतोच परत. कुणी काही म्हणणार नव्हतं. तिने 'पंधरा' म्हटलं असतं तर पंधराच झाली असती, आणि बारक्या रोज पंधरावर गेला असता.

"तीस," ती म्हणाली.

"काय?" बारक्या.

"ऐकलंस ते. तीस घ्या." तिचे हात आत्ता थरथरायला लागले, सगळं झाल्यावर. "मी खिडकीत बसून तुम्ही किती लांब जाता तेवढंच मोजणार होते. परत यायला किती जोर लागतो ते माझ्या डोक्यातच आलं नाही. खाडीतच राहिलात आणि ओहोटीने ओढत तोंडाशी नेलं तर? तेव्हा मी खिडकीतून काय करणार होते, टायर बघणार होते?"

सासऱ्यांनी मोटरीवरचा हात काढला. मग म्हणाले, "मीही आठचीच होडी डोक्यात धरून बसलो होतो. तीस."

"माझं मत कुणी विचारेल का?" आत्या म्हणाल्या. "मी कधीचीच तीस. तुम्हीच बघितलंत ना, मी फळीवर बसून दाखवलं."

"पण प्रत्येकाच्या अंगात जॅकेट," धाकटी म्हणाली. "बाबांच्या, भाऊजींच्या, सगळ्यांच्या. आणि वल्ही कायम होडीत. मोटर कितीही मोठी असली तरी."

"माझ्या मापाचं मिळतं का ते?" आत्यांनी विचारलं.

"दोन जोडून शिवू," थोरला म्हणाला आणि सख्ख्या भावासारखा धाकटीकडे बघून हसला. तो घरात येणार म्हणजे हे असं चालणार, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. आवडलंही.

थोरली पायरी उतरून पाण्यापर्यंत आली होती. तिने चिमीला पुढे केलं. "हे घे तुझं संत्रं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "रागावलीस?"

"हो," धाकटी म्हणाली. "उद्यापर्यंत राहीन बहुतेक."

"राहा. उद्या मी तुझ्या वाटची भांडी घासते."

"म्हणजे खिडकीही तुमचीच?"

"खिडकीत तू बस. दोघी बसू. दोघांनाही बघायचंय आता."

धाकटीने चिमीला घेतलं नाही. ती अजून होडीतच होती आणि तिला उतरायची घाई नव्हती, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. मोटर दुकानदाराकडे परत द्यायची तर होडी धक्क्याला वळसा घालून पलीकडच्या उतारापर्यंत न्यायची होती, म्हणजे मोटर सोडवून हातगाडीवर चढवता येईल. थोडंसंच, स्थिर पाणी.

"बाबा, मी नेऊ?"

"कुठे?"

"उतारापर्यंत. तुम्ही बसा ना बरोबर. मला शिकवा."

आत्या आणि थोरला उतरले होते, बारक्याही आधीच धक्क्यावर चढला होता. "अगं, वेड लागलंय का? मघाशी हात थरथरत होते तुझे."

"अजून थरथरताहेत. म्हणून तर."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग जागा सोडली. पाठीची उशी घेऊन ते पुढे जाऊन बसले आणि धाकटीकडे पाठ करून घराकडे बघायला लागले. "दोरी सरळ ओढ. घाबरून ओढलीस तर ती पण घाबरते."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा मोटर खोकली. धक्क्यावरून आत्या म्हणाल्या, "जोर लाव, पोरगी झाली तेव्हा लावलास तेवढा!" तिसऱ्या झटक्याला मोटर लागली आणि दांडा तिच्या मुठीत जिवंत झाला.

"डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे," सासरे पुढे बघतच म्हणाले.

अर्थात तिने उलटं केलं. म्हातारी धक्क्यावर नाक घासायला निघाली, आत्यांनी किंकाळी फोडली, तिने दांडा ढकलला, नाक वळलं, बाहेर आलं, मोकळ्या पाण्यात आलं. स्वतःचं नाक तिने वळवलं असतं तरी तिला एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

धक्क्यावर बारक्या चिमीला कडेवर घेऊन होडीच्या बरोबरीने चालत होता. चालत कसला, धावतच होता. मान पुढे काढलेली, कपाळाला आठ्या, एक हात चिमीच्या पाठीवर आणि दुसरा हवेत, जणू तेवढ्या अंतरावरून होडी धरून ठेवणार होता. "हळू! अगं हळू! दगड आहे तिथे! बाबा, सांगा ना तिला!"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीच्या या बाजूने तिने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. किती दमवणारं काम आहे हे, तिला वाटलं, आणि तिला हसू आलं. आधी थोडं, मग खूप.

"अरे, तू जा घरी, चहा टाक!" तिने मोटरीच्या वरताण आवाज काढला. "येते मी!"